नव्या जिल्ह्याची पहिली लेखिका

लातूर जिल्हा झाला त्या दिवसांत आमच्या निलंग्यात पाण्याची टंचाई होती, कडब्याची होती, आणि सुकाळ होता तो फक्त पाट्यांचा. जिकडं बघावं तिकडं पेंटर शिडीवर उभा. ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसायचं आणि ‘जिल्हा लातूर’ लिहायचं. नवं नाव जुन्यापेक्षा लहान, त्यामुळं आमच्या शाळेच्या पाटीवर शेवटी जागा उरली. ती मोकळी बरी दिसत नाही म्हणून पेंटरनं आपल्या मनानं तिथं एक मोर काढला. पुढं कितीतरी वर्षं आमच्या शाळेची खूण ‘मोराची शाळा’ अशीच होती.

नवा जिल्हा म्हटल्यावर प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाही यातून काहीतरी मिळणार. कुणाला जवळची कचेरी, कुणाला डांबरी रस्ता, कुणाला बदली. मला वाटत होतं, आपल्याला वाचक मिळतील.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. आमचे हे एस.टी.त कंडक्टर. माझ्या वडिलांनी नांदेडला मजुरी करून आम्हा भावंडांना शिकवलं, त्यामुळं आमच्या घरात अक्षर म्हणजे मोठी गोष्ट. मी लहानपणापासून लिहायची. लग्नानंतर गोष्टी लिहू लागले. एक बाड झालं तसं पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडं पाठवू लागले. ते पाठवलं की परत यायचं. सोबतच्या चिठ्ठीत माझ्या भाषेचं कौतुक असायचं आणि कागदाच्या भावाची तक्रार. शेवटी मी ठरवलं, आपलं आपणच छापू. नांदेडला वडिलांच्या ओळखीचा एक छापखाना होता. मुख्यतः लग्नपत्रिका छापायचा, पण त्या साली दुष्काळामुळं लग्नं कमी, म्हणून त्याच्याकडं वेळ होता.

पुस्तकाचं नाव मी इथं सांगत नाही. प्रती अजून शिल्लक आहेत, लोकांना उगाच जाहिरात वाटायची.

पुस्तकं एस.टी.च्या टपावरून आली. गाडीवर कंडक्टर हेच, पण माणूस इतका सरळ की बायकोच्या पुस्तकांचंही लगेजचं तिकीट फाडलं. घरात ठेवायची कुठं, तर ज्वारीची पोती ठेवायची जागा रिकामीच होती. तिथं गठ्ठे रचले. वरून चादर टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी चौकशीला आल्या.

“तुमच्यात लई माल आलाय म्हनं. जवारी हाय का?”

“नाही हो मावशी, पुस्तकं आहेत.”

“कुनाची?”

“माझी. मीच लिहिलीत.”

मावशींनी चादर उचलून वरचं पुस्तक बघितलं, मग खालचं बघितलं. “समदी एकच हायेत की. मग इतकी कशाला? एकदा वाचलं की झालं.”

मी चादर पुन्हा नीट टाकली.

पुस्तक विकायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. मी वाटत सुटले. शाळेत सगळ्यांना ‘सप्रेम भेट’ असं लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी टेबलावर ठेवलं आणि पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्याचा उपयोग केला. उरलेल्यांपैकी काही प्रती मी नियतकालिकांना अभिप्रायासाठी पाठवल्या. बरेच दिवस काही नाही. मग एका मासिकात ‘साभार पोच’ या सदरात माझ्या पुस्तकाचं नाव, माझं नाव, पत्ता आणि किंमत छापून आली. त्या चार ओळी मी शाळेत सगळ्यांना दाखवल्या. ह्यांनाही दाखवल्या.

“म्हंजे त्यांना आवडलं का?” ह्यांनी विचारलं.

“असं थेट लिहीत नाहीत. पण ‘साभार’ म्हटलंय.”

“आमच्यात याला पार्सल मिळालं म्हनतात,” हे म्हणाले आणि ड्युटीला गेले.

पण त्या चार ओळी कुणीतरी वाचल्या होत्या. आठ-पंधरा दिवसांत मला एक पत्र आलं, लाल आणि निळ्या अशा दोन शाईंत छापलेलं. नाव तेवढं हातानं भरलेलं. ‘आपली कलाकृती वाचून आम्ही भारावून गेलो. नव्या जिल्ह्याच्या साहित्याची पहिली पहाट आपल्या लेखणीतून उगवत आहे.’ खाली एका मोठ्या नावाच्या मंडळाचा शिक्का. पाठोपाठ मंडळाचे ग्रंथप्रचारक स्वतःच दारात हजर झाले.

सफारी सूट, हातात फुगलेली बॅग, अंगाला अत्तराचा वास. पन्नाशीच्या आतले असावेत. बसल्याबसल्या ते तांब्याभर पाणी प्यायले. त्या दिवसांत पाहुणा किती पाणी पितो इकडं घरातल्यांचं लक्ष असायचं. ह्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. पण पुढच्याच क्षणी ते म्हणाले, “मॅडम, तुमचं पुस्तक वाचल्यापासून घशाला कोरडच पडलीय,” आणि मी दुसरा तांब्या भरून आणला.

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. मी आयुष्यात तोवर तसं बोलणं ऐकलं नव्हतं. नव्या जिल्ह्यातल्या लेखकांचा एक गौरवग्रंथ निघणार होता, त्यात माझा फोटो अर्ध्या पानावर, आणि तोही पहिल्याच लेखाशेजारी. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या, नव्या शाळा, नवी ग्रंथालयं. तिथली रिकामी कपाटं भरायचं काम जणू यांच्याच हातात होतं. माझ्या गोष्टींचा इंग्रजीत अनुवाद होणार होता. आणि नांदेडला मोठा समारंभ घेऊन, मंत्रिमहोदयांच्या हस्ते, ‘नव्या जिल्ह्याची पहिली लेखिका’ म्हणून माझा सत्कार होणार होता. शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह.

“आम्ही नारळ घेत नाही,” मी म्हणाले. आमच्या घरानं छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच नारळ सोडला होता.

“काही हरकत नाही मॅडम, पुष्पगुच्छ देऊ.” त्यांनी खिशातला पेन काढला. “पुष्पगुच्छाचे फक्त थोडे जास्त पडतील.”

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. “पडतील म्हंजे? सत्कार तुमी करून राहिलात ना?”

“सत्कार मोफतच आहे साहेब. फोटो छापायचा ब्लॉक, शालीची किंमत, टपाल आणि सभागृह, एवढ्यालाच सहयोग निधी. तोही सगळ्यांकडून घेत नाही. निवडक साहित्यिकांकडूनच.”

मला ‘निवडक’ तेवढं ऐकू आलं. ह्यांना ‘निधी’ ऐकू आलं.

“बरं,” हे म्हणाले, “पुस्तक तर तुमी वाचलंच आसंल. त्यातली कंची गोष्ट आवडली?”

प्रचारक क्षणभर छताकडं बघत राहिले. मग त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. “शेवटची. काय लिहिलंय मॅडम तुम्ही! ती आई, तो मुलगा, ती ताटातूट... मी एस.टी.त बसून वाचत होतो, शेजारचा माणूस विचारायला लागला, घरी काही झालंय का म्हणून.”

माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या गोष्टीत आई नाही आणि मुलगाही नाही. त्यात दुष्काळात एक शेतकरी म्हैस विकतो. हे माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं बघायचं टाळलं. माझ्या डोक्यात इतक्या वेगानं चक्रं फिरत होती की काय सांगू! म्हैस विकली जाते. तिचं रेडकू मागं राहतं. म्हणजे ती आई झाली, ते मूल झालं. ताटातूट तर आहेच. या माणसानं गोष्टीच्या पोटात शिरून तिचं सार काढलंय, आणि आमचे हे म्हैसच धरून बसलेत!

ते गेल्यावर ह्यांनी विचारलं, “आई कुटं हाय गं त्यात?”

“तुम्हाला साहित्यातलं कळत नाही,” मी म्हणाले.

मी पैसे दिले. किती ते विचारू नका, ह्यांनाही पूर्ण आकडा अजून माहीत नाही. एकदम घेतले असते तर मी सावध झाले असते. पण आधी फोटोच्या ब्लॉकचे, मग ब्लॉक मोठा करायचा म्हणून, मग शाल सुती न देता रेशमी काठाची द्यावी म्हणून, असे थोडे थोडे जात राहिले. आणि दर पत्रात ‘उद्यापर्यंत कळवावे, अन्यथा आपले पान दुसऱ्या साहित्यिकास द्यावे लागेल’ हे वाक्य असायचं. तो दुसरा साहित्यिक कोण असेल, या विचारानंच मी पोस्टात धावायची.

मग इंग्रजी अनुवादाचा नमुना आला, एक टाइप केलेलं पान. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून मी ते आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि चष्मा काढला.

“बाई, तुमच्या गोष्टीत जहाज आहे का?”

“जहाज? निलंग्यात?”

“मग हे तुमचं नाही. हा दहावीच्या पुस्तकातला धडा आहे. मी दर वर्षी शिकवते. फक्त कप्तानाच्या जागी तुमच्या शेतकऱ्याचं नाव घातलंय. वादळात तुमचा शेतकरी शिडं उतरवतोय बघा.”

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणी तासाला वेळेवर गेलं नाही. मीही हसल्यासारखं केलं. घरी येऊन प्रचारकांना खरमरीत पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, ‘सदर नमुना अनुवादाचा नसून टायपिंगचा आहे. अक्षरे सुबक आहेत किंवा कसे, एवढेच आपण पाहावयाचे होते.’

तुम्ही म्हणाल, यावर कोण विश्वास ठेवील? मी ते पान पुन्हा उजेडात धरून बघितलं. अक्षरं खरंच सुबक होती.

सत्काराचा दिवस आला. हे म्हणाले, “मी बी येतो.” रजा टाकली आणि माझ्याबरोबर निघाले. निलंग्याहून लातूर, तिथनं अहमदपूरवरून नांदेड. मी ठेवणीतली जांभळी साडी नेसले होते, आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्या रस्ताभर वरून टॉवेल पांघरून बसले होते. बाहेर रानं नुसती उघडीबोडकी. गावागावाला टँकरपाशी घागरींच्या रांगा. मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते.

सभागृह म्हणजे स्टेशनच्या अंगाचं एक मंगल कार्यालय होतं. व्यासपीठावर कुठल्यातरी लग्नातला पडदा होता आणि त्यावरचं ‘शुभविवाह’ कागद चिकटवून झाकलं होतं. ‘शु’ तेवढा दिसत होता. समोर खुर्च्या. पहिल्या रांगेत माझ्याआधी काही मंडळी येऊन बसली होती, आणि प्रत्येकाच्या छातीवर गुलाबाचं फूल लावलं होतं. प्रचारकांनी मलाही लावलं.

माझ्या शेजारी पिळदार मिशांचे एक गृहस्थ होते. मुखेडचे, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले जमादार. त्यांनी कवितांचं पुस्तक स्वतः छापलं होतं. आवाज असा की साधं ‘नमस्कार’ म्हणाले तरी माणूस कागदपत्रं काढून दाखवील.

“बाई, तुमी कशापाई आलात?” त्यांनी विचारलं.

“माझा सत्कार आहे. नव्या जिल्ह्याची पहिली लेखिका म्हणून.”

“हाव का? मला बी नव्या जिल्ह्याचा पयला कवी म्हनलंय.”

“पण मुखेड तर नांदेड जिल्ह्यात आहे ना?” मी विचारलं.

“मी बी तेच म्हनलं. तर ते म्हनले, जमादार, मुखेड लातूरमंदी जानार हाय, वरून हुकूम झालाय, फकस्त अजून जाहीर केला न्हाई. मी कुनाला बोललो न्हाई. सरकारी गुपित हाय.”

त्यांच्या पलीकडचे एक तरुण मास्तर ऐकत होते. ते इस्लापूरचे. सहस्रकुंडच्या धबधब्यावर त्यांनी खंडकाव्य लिहिलं होतं आणि नेमका त्याच साली धबधबा आटला होता. ते हळूच पुढं वाकले. “काका, मला पण तसंच सांगितलं. इस्लापूर लातूर जिल्ह्यात जाणार म्हणून.”

इस्लापूर म्हणजे किनवटकडचं, पार जंगलाच्या कडेला. तिथून लातूर गाठायचं तर माणसाला अख्खा नांदेड जिल्हा ओलांडावा लागतो. मागच्या रांगेतून हे ऐकत होते. ते म्हणाले, “आसा जिल्हा झाला तर आमाला त्यात नवी गाडी सोडावी लागंल.”

तेवढ्यात माइक खरखरला आणि समारंभ सुरू झाला. मंत्रिमहोदय टंचाईच्या बैठकीत अडकल्याचं प्रचारकांनी सांगितलं. अध्यक्षस्थानी एक काळी टोपी घातलेले, जाडजूड, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. त्यांना हार घातला होता. ते हसत नव्हते, बोलत नव्हते, नुसते प्रचारकांवर नजर ठेवून होते. मला वाटलं, केवढा अधिकारी माणूस!

पहिलं नाव इस्लापूरच्या मास्तरांचं पुकारलं. ते वर गेले. शाल घातली, नारळ दिला, सन्मानचिन्ह दिलं, फोटो निघाला. टाळ्या. मास्तर खाली यायला निघाले तशी प्रचारकांनी त्यांच्या खांद्यावरची शाल अलगद काढून घेतली. “पॅक करून देतो,” असं कानात सांगितलं. नारळही घेतला. मग माझं नाव. तीच शाल माझ्या खांद्यावर आली. मास्तरांच्या केसांचं खोबरेल तेल तिला लागलं होतं. पुष्पगुच्छ म्हणून मला जे दिलं ते टेबलावरच्या फुलदाणीतून काढलेलं होतं, देठातून पाणी गळत होतं. फोटो निघाला. मी खाली उतरण्याच्या आत शाल माझ्या खांद्यावरून गेली, फुलं परत फुलदाणीत गेली. सन्मानचिन्हावरची नावाची पट्टीही प्रचारक पाठमोरे होऊन बदलत होते.

मी ठेवणीतल्या साडीचा ओला झालेला पदर पिळत खाली आले. ह्यांच्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

मग जमादार वर गेले. शाल अंगावर आली, फोटो निघाला, प्रचारकांचा हात शालीकडं गेला. जमादारांनी तो हात मनगटाशी धरला.

“सोडा ना काका. पुढच्यांना लागतेय,” प्रचारक हसून म्हणाले.

“एकडाव आंगावर पडली ती पडली,” जमादार म्हणाले. “हिचे पैसे मी दिलेत. रेशमी काठाचे.”

“मी पण रेशमी काठाचेच दिलेत!” मी खालून ओरडले. मास्तर उभे राहिले. “मी पण!” मागून आणखी दोघं-तिघं उठले. एकाच शालीला इतके मालक निघाले.

प्रचारकांनी प्रसंगावधान राखलं. माइक ओढून म्हणाले, “शांतता! साहित्यिकहो, शांतता! आता आदरणीय अध्यक्ष आपल्याला दोन शब्द सांगतील.”

काळ्या टोपीचे गृहस्थ उठले. माइकपाशी गेले. सभागृह चिडीचूप झालं.

“हॉलचं भाडं,” ते म्हणाले आणि जाऊन बसले.

मग जमादारांनीच व्यासपीठावर त्यांची चौकशी केली. ते कार्यालयाचे मालक होते. सकाळी भाडं मागायला आले होते. “आत्ता देतो, तवर बसा” म्हणून प्रचारकांनी त्यांना वर बसवलं, हार घातला आणि अध्यक्ष केलं. “मला वाटलं हार घातलाय तर पैसे बी देतील,” मालक म्हणाले. “म्हणून बसून राहिलो.”

प्रचारक बॅग उचलून दाराकडं सरकले. “मंडळींसाठी पाणी सांगून येतो.”

“बस खाली,” जमादार म्हणाले. “पानी कुटं मिळून राहिलंय आज?” आणि त्याच्या शेजारी खुर्ची लावून बसले. शाल तशीच अंगावर होती. त्यांनी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. नुसतं एकेकाला बोलावून विचारलं, तुमी काय दिलं, यानं काय सांगितलं. उत्तरं सगळ्यांची एकच. पहिला लेखक, अर्धं पान, उद्यापर्यंत कळवा. प्रत्येकाच्या पुस्तकातली शेवटची गोष्ट किंवा शेवटची कविता वाचून तो एस.टी.त रडला होता. मास्तरांच्या धबधब्यालासुद्धा रडला होता. सगळ्यांचे पत्ते त्याला मिळाले होते त्या ‘साभार पोच’मधून.

फोटोग्राफरला विचारलं तर तो म्हणाला, “क्यामेऱ्यात रोलच न्हाई. रोलाचे पैसे कुठं दिलेत यांनी? नुसता फ्लॅश मारा म्हनले.”

बॅगेत जे होतं त्यातून मालकांनी आधी भाडं घेतलं. फोटोग्राफरला त्याचं दिलं. आमच्या वाट्याला जे आलं त्यात जेमतेम परतीचं तिकीट निघालं. मग जमादार आणि मास्तर त्या माणसाला ठाण्यावर घेऊन गेले, आम्ही सगळ्यांनी मागोमाग जाऊन तक्रारीवर सह्या केल्या. पुढं त्याचं काय झालं ते नीट कळलं नाही. काही दिवसांनी सुटला म्हणे. त्या सुमाराला राज्यात आणखीही नवे जिल्हे होत होते. त्याला धंद्याची कमी पडली नसेल.

ठाण्यावरून आम्ही सामान घ्यायला परत आलो तर मालक दारात उभे. “भाडं संध्याकाळपर्यंतचं मिळालंय. हॉल तुमचा हाय. असेच कुठं जाता? काय लिहिलंय ते वाचा तरी.”

वाचायची कुणाची इच्छा नव्हती, पण जायचीही इच्छा नव्हती. मास्तरांनी धबधबा वाचला. जमादारांनी उभं राहून, शालीसकट, कविता म्हटल्या. पोलीस जमादारानं लिहिलेल्या त्या कविता सगळ्या बायकोच्या विरहाच्या होत्या, कारण निम्मी नोकरी बंदोबस्तात गेली होती. मी म्हशीची गोष्ट वाचली. रेडकू दावं तोडून टेम्पोमागं धावतं तिथं मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फोटोग्राफरही बसून ऐकत होता. तेवढ्या लोकांनी माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकल्याची ती पहिली वेळ होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. हे आता काय बोलणार, याची वाट बघत होते. आई कुठं आहे, असं विचारलं असतं तर मी गाडीतून उडी टाकली असती. अहमदपूर मागं पडल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “खरं सांगू? तो पत्रातनं तुला चांगली म्हनायचा ना, तवा मला बी बरं वाटायचं. तो लबाड हाय हे कळत हुतं. तरी बी बरं वाटायचं.”

मी टॉवेल काढून ह्यांच्याही खांद्यावर टाकला, कारण उघड्या खिडकीतून धूळ येत होती.

त्यानंतर माझी एक वेगळीच ख्याती झाली. आसपास कुणी पुस्तक छापलं आणि त्याला दोन शाईंतलं पत्र आलं की तो माझ्याकडं यायचा. मी त्याला एवढंच सांगायची की बाबा, पुस्तक न वाचता जो रडतो त्याच्यापासून लांब राहा. मान देणारा माणूस पैसे मागत नसतो, आणि तुझं पुस्तक खरंच चांगलं असेल तर ते उद्याही चांगलंच असणार आहे, मग याला आजच एवढी घाई कसली? लोक मान डोलवायचे. त्यांतले काही घरी जाऊन मनिऑर्डर करायचे. लातूरच्या एका नव्या कचेरीतले कारकून तर माझ्यावरच रागावले. “बाई, तुमचं झालं ते झालं, पण माझं पुस्तक त्यांनी मनापासून वाचलंय,” म्हणाले. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार?

पुस्तकांचे गठ्ठे मात्र घरात तसेच होते. एकदा जमादारांचं कार्ड आलं, ‘आमच्या बाजाराला या. इथं कांदे विकतात, भांडी विकतात, पुस्तकांनी काय घोडं मारलंय?’ मी एक गठ्ठा घेऊन मुखेडच्या आठवडी बाजाराला गेले. ह्यांनी पुन्हा लगेज फाडलं.

जमादारांनी चादर अंथरून एका बाजूला त्यांचं, एका बाजूला माझं पुस्तक मांडलं होतं. शेजारी मिरच्यांचा ढीग. येणारे-जाणारे जमादारांना नमस्कार करायचे, आणि त्यांच्या मिशांकडं बघून, कशाला नाही म्हणा, असा विचार करून एखादं पुस्तक उचलायचे. मला तसली विक्री आवडेना.

मग एक बाई आली. डोक्यावर टोपलं, त्यात विकून उरलेली थोडी भाजी. माझ्यासमोर उकिडवी बसली.

“कशाचं पुस्तक हाय?”

“गोष्टींचं आहे.”

“मला वाचता येत न्हाई. लेक वाचती माझी. पन आदी ऐकू तर दे कशी हाय ती. मग घीन.”

मी म्हशीची गोष्ट काढली. भर बाजारात, मिरच्यांच्या खकाण्यानं शिंकत, ती पूर्ण वाचली. भोवती आणखी चारसहा जण उभे राहिले. बाई शेवटपर्यंत हलली नाही. माझं वाचून झालं तसं तिनं पदरानं नाक पुसलं. मी वाट बघत राहिले.

“लिवलंयस चांगलं,” ती म्हणाली. “पन मी न्हाई घेत.”

“का हो?”

“अगं, आमच्या घरची गेल्या बाजाराला इकली. लेक अजून जेवत न्हाई धड. आन् तू मला हे घरी न्यायला सांगतीस? हसायचं काय हाय का तुझ्याकडं?”

माझ्या पुस्तकात हसायचं काहीच नव्हतं. तिनं शेजारचं जमादारांचं पुस्तक उचललं. “ह्यात काय हाय?”

“बायकोची आटवन,” जमादार जरा लाजत म्हणाले.

बाईनं त्यांच्या मिशांकडं बघितलं आणि खळखळून हसली. टोपलं खाली ठेवलं, कनवटीचे पैसे काढले आणि ते पुस्तक लेकीसाठी विकत घेतलं.

मी त्या दिवशी जमादारांवर रुसले. निलंग्यापर्यंत मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कागद पुढं ओढले आणि मावशी, त्यांचा जवारीचा प्रश्न आणि चादरीखालचे गठ्ठे यांच्यावर लिहायला बसले. ह्यांनी आत डोकावून विचारलं, “आता हे बी छापायचं का?”

“बघू,” मी म्हणाले.

“मग कोपरा रिकामा कर आदी,” हे म्हणाले. “औंदा पाऊस झाला तर जवारी ठिवायला जागा लागंल.”